अण्णाप्पांच्या कॅसेटी, अत्तारांच्या घरी

अण्णाप्पा बिरनाळे यांनी उभ्या आयुष्यात एकच वस्तू राजीखुशीनं दुसऱ्याला दिली, आणि ती देऊन पंधरवडा उलटायच्या आत त्यांची झोप उडाली. झोप न येण्याचं कारण त्यांनी डॉक्टरांना ‘पित्त’ असं सांगितलं. डॉक्टरांनीही गोळ्या पित्ताच्याच दिल्या. मत्सरावर गोळी अजून निघालेली नाही. आणि निघाली तरी ती मागायला सांगलीच्या भर बाजारात औषधाच्या दुकानी उभं राहणार कोण?

वस्तू म्हणजे कॅसेटी. तपकिरी फितीच्या, सैल पडल्या की भोकात पेन्सिल घालून गुंडाळायच्या, त्या कॅसेटी. अण्णाप्पा पाटबंधारे खात्यात होते. नोकरीभर त्यांनी कालव्याला पाणी सोडलं, नाहीतर अडवलं, आणि उरलेल्या वेळात गाणी जमवली. नाट्यगीतं, भावगीतं, ख्याल, ठुमऱ्या, आणि रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून स्वतः भरून घेतलेल्या संगीतसभा. नदीकाठच्या गावभागात राहत असताना महापूर आला, तेव्हा लोक दागिने आणि कागदपत्रं घेऊन बाहेर पडले. अण्णाप्पा कॅसेटींची ट्रंक खांद्यावर घेऊन बाहेर पडले आणि बोटीत बसल्यावर म्हणाले, “अरे, त्रिशला कुठाय?” त्यांच्या पत्नी त्रिशलाकाकू त्याच बोटीत त्यांच्या पाठीमागे बसल्या होत्या. हा प्रसंग त्या अजून सांगतात, आणि दर वेळी त्यात पाणी थोडं चढलेलं असतं.

पुरानंतर बिरनाळे विश्रामबागेत फ्लॅटमध्ये आले. फ्लॅटमध्ये पूर येत नाही, पण जागाही येत नाही. भिंतीतलं एकुलतं एक मोठं कपाट कॅसेटींनी व्यापलं होतं. टेपरेकॉर्डर बंद पडून काही वर्षं झाली होती, त्यामुळे त्या कोणी ऐकत नव्हतं. देवघरातल्या पोथीसारख्या त्या नुसत्या होत्या. अशात पुण्याहून चिरंजीव धवल एक गोल स्पीकर घेऊन आला. “बाबा, जगातलं सगळं संगीत यात आहे. नुसतं सांगायचं,” असं म्हणून तो आला तसा गेला.

अण्णाप्पांनी घसा साफ करून स्पीकरला सांगितलं, “भीमपलास लाव.” स्पीकरनं भीमाशंकरचं हवामान सांगितलं. तरीही त्रिशलाकाकूंना मुद्दा सापडला होता.

“अहो, सगळं त्या डब्यात हाय म्हणतोय धवल. मग हे कपाट कशाला अडवलंय? माझे पापडाचे डबे पलंगाखाली सरपटत काढावे लागत्यात.”

अण्णाप्पांनी बराच काळ प्रतिकार केला. शेवटी एका दुपारी गुडघे टेकून पापडाचा डबा त्यांना स्वतःलाच काढावा लागला, आणि त्या अवस्थेत ते शरण गेले.

पण टाकायचं म्हटलं तरी टाकू देतं कोण? सकाळी घंटागाडीवाल्यानं पोत्यात डोकावून विचारलं, “ओला का सुका?”

“संगीत आहे,” अण्णाप्पा गंभीरपणे म्हणाले.

“मग सुकाच म्हणा. पण ह्यात प्लास्टिक हाय, फीत हाय, बारके स्क्रू हायत. समदं येगळं करून द्या, मग घेतो.”

प्रत्येक कॅसेट खोलून स्क्रू वेगळे करण्यापेक्षा दान बरं, म्हणून अण्णाप्पा एका वाचनालयात गेले. तिथल्या कारकुनानं नियमांची वही चाळून सांगितलं, की हे वाचनालय आहे, श्रवणालय नव्हे. कॅसेटी वाचनीय असल्याचं प्रमाणपत्र आणलं तर विषय कार्यकारिणीपुढे ठेवता येईल. अण्णाप्पा म्हणाले, “वरच्या चिठ्ठ्या तर वाचता येतात ना?” कारकून विचारात पडला आणि म्हणाला, “मग चिठ्ठ्या तेवढ्या ठेवून जा.”

या अपमानानंतर पोती रिक्षात घालून परत नेत असताना वाटेत सिकंदर अत्तार भेटले. सिकंदर म्हणजे अण्णाप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांचं बांगड्या-कटलरीचं दुकान आता मुलगा नईम बघायचा, आणि सिकंदर खणभागातल्या घरी निवांत असायचे. गाण्यातलं त्यांना काहीच कळत नाही, असा अण्णाप्पांचा पक्का समज होता. एकदा त्यांनी भीमपलास हे झाडाचं नाव समजून त्याचा पाला कुठं मिळतो असं विचारलं होतं, म्हणे.

“टाकतोयस व्हय रं अण्णा? मग मला दे.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“कळत न्हाई म्हणून तर दे. कळणाऱ्यानं टाकायला काढल्यात न्हवं का?”

रिक्षा तशीच खणभागाकडं वळली. अण्णाप्पांनी घरी येऊन रिकामं कपाट पाहिलं, हायसं वाटल्याचा एक उसासा सोडला, आणि त्या रात्री ते छान झोपले. ती शेवटचीच छान झोप.

कारण सिकंदर नुसते घेऊन थांबले नाहीत. त्यांनी मिरजेतून कुठनंतरी एक चालू टेपरेकॉर्डर मिळवला. त्यांच्या बायकोनं, शकिलाभाभींनी, एकेक कॅसेट मऊ फडक्यानं पुसली. नईमनं दुकानातली जुनी काचेची बांगड्यांची मांडणी घरी आणून दिली. अण्णाप्पा सहज म्हणून गेले, आणि दारातच थबकले. आपल्या घरी अंधाऱ्या कपाटात कोंबलेल्या कॅसेटी इथं दिव्याखाली नवरीसारख्या बसल्या होत्या! सासरी सुखात दिसलेल्या मुलीला पाहून बापाला आनंद होतो म्हणतात. अण्णाप्पांना तो झाला नाही.

“हे कसं लावलंयस? मारव्याशेजारी भावगीत?”

“रंगावर लावलंय रं,” सिकंदर कौतुकानं म्हणाले. “निळ्या निळ्या एकीकडं, लाल एकीकडं. शकिलाची आयडिया. बांगड्या अशाच लावतो आपण.”

अण्णाप्पांनी चहा अर्धाच घेतला.

मग गुरुवारी संध्याकाळी सिकंदरांकडं गाणी ऐकायला माणसं जमू लागली. आधी गल्लीतली, मग मिरजेची, मग कॉलेजातली पोरं. अण्णाप्पाही एकदा जाऊन मागच्या खुर्चीवर बसले. एक प्राध्यापक भारावून म्हणाले, “अत्तारसाहेब, काय संग्रह आहे तुमचा! काय व्यासंग!”

सिकंदर तसे सरळ माणूस. ते लगेच म्हणाले, “माझं काय न्हाई हो ह्यात. हे समदं ह्या अण्णाचं हाय. मला गाण्यातलं ओ का ठो कळत न्हाई.”

प्राध्यापक गहिवरले. “बघा! एवढं करून श्रेय मित्राला. याला म्हणतात विनय!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिकंदर जितकं खरं सांगत, तितके ते मोठे होत. पुढच्या खेपेला तर अण्णाप्पांनी स्वतःच उठून सांगितलं, की अहो, खरंच माझ्या आहेत. त्यावर शेजारची बाई आपल्या मैत्रिणीला म्हणाली, “ते विनयानं म्हणतात, आणि ह्यांनी लगेच खरं मानलं बघ.”

अण्णाप्पांनी जाणं बंद केलं. पण मन जातच राहिलं. गुरुवारी संध्याकाळ झाली की आता तिकडं काय लावलं असेल, कुठल्या बाजूनं लावलं असेल, फीत अडकली तर हा बांगडीवाला ती ओढून तोडेल की काय, या विचारानं त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. त्रिशलाकाकू त्यांच्या शेजारी नसत. त्यांची गुरुवारी भिशी असायची.

भिशीचा उलगडा अण्णाप्पांना अगदी योगायोगानं झाला. योगायोग म्हणजे ते एका गुरुवारी अत्तारांच्या घरासमोर केळ्याच्या गाड्याआड उभे होते. केळी घ्यायची नव्हती. केळीवाल्यानं दोनदा विचारून झाल्यावर नाद सोडला होता. खिडकीतून माणसांनी भरलेली खोली दिसत होती आणि पहिल्या रांगेत, शकिलाभाभींच्या मांडीला मांडी लावून, डोळे मिटून डोलत बसल्या होत्या त्रिशलाकाकू.

अण्णाप्पांच्या पायाखालची फरशी सरकली. जी बाई चाळीस वर्षं ‘तो डबा बंद करा, डोकं उठलं’ म्हणत आली, ती दुसऱ्याच्या घरी, भिशी सांगून, आपल्याच कॅसेटी डोळे मिटून ऐकते? पुराव्यासह सापडलेल्या नवऱ्यांच्या गोष्टी त्यांनी वाचल्या होत्या. पुराव्यासह सापडलेल्या श्रोत्याला काय करतात, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यात नईमनं दुकानाच्या सामानाची पिशवी सावरत मागून हाक मारली, “काका, इथं का उभारलाय? आत या की!” अण्णाप्पा घाईघाईनं डझनभर केळी घेऊन घरी आले.

“केळी कशाला आणली? घरात हायत की,” काकू आल्या आल्या म्हणाल्या.

“भिशी झाली?”

“झाली. मग गाणी झाली.” इतकं साधं सांगून त्या भाकरी करायला गेल्या. तव्यावर भाकरी टाकता टाकता गुणगुणतही होत्या.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. अण्णाप्पांनी शेजारच्या फ्लॅटमधल्या नाथाजी पवारांचा सल्ला घेतला. नाथाजी मूळचे पाटणचे, तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. जगातलं कुठलंही दुःख त्यांना सातबाऱ्यावर नोंदवता येतं.

“दानपत्र केलंया का?” त्यांनी चष्मा पुसत विचारलं.

“नाही.”

“मग ताबा त्यांचा, मालकी तुमची. इतर हक्कात नाव लावून घ्या. न्हाईतर मी सांगतो, नोटीस द्या.”

“नाथाजी, तो माझा शाळेतला दोस्त आहे हो.”

“मग नोटीस साधी द्या, रजिस्टर नको.”

अण्णाप्पांना ते पटेना. तेव्हा नाथाजींनी दुसरा मार्ग सुचवला. “आवं, कॅसेट म्हंजे गाण्याची झेरॉक्स. अस्सल गाणं असतंय तबकडीवर. साताऱ्याला माझ्या वळखीचे इंद्रजित निकम हायत. वडलांच्या तबकड्यांची थप्पी पडून हाय त्यांच्या घरात. आता पुण्याला चाललेत, देऊन टाकणारेत. तुमी तबकड्या आणा, अत्तारांच्या कॅसेटी कोण इचारतंय मग?”

भर एप्रिलात दोघे साताऱ्याला गेले. निकमांनी सरबत दिलं आणि थप्पी पुढं ठेवली. “घेऊन जावा. आमच्यात कोण ऐकणार?” अण्णाप्पांनी वरची तबकडी उचलली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “अहाहा! हे कुठं मिळत नाही आता!”

निकमांचा सरबताचा पेला हवेतच थांबला. “व्हय? इतकं भारी हाय?”

“अहो, दुर्मीळ! आणि ही तर...”

“मग ही र्‍हाऊ द्या,” म्हणत निकमांनी ती काढून घेतली. “ती दुसरी बघा.”

दुसरीचंही कौतुक झालं, तिचंही तेच झालं. तिसऱ्या तबकडीला नाथाजींनी अण्णाप्पांच्या पायावर पाय दिला. मग सुरू झाली अण्णाप्पांच्या जन्मातली सगळ्यात कठीण मैफल. ज्या गवयांच्या नुसत्या नावानं ते कानाच्या पाळीला हात लावायचे, त्यांच्या तबकड्या एकेक करून हातात घ्यायच्या आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, “सामान्य आहे.” “आवाज बसलाय.” “तानेत दम नाही.” शेजारून नाथाजी साथ करत होते, “भंगार हाय ओ समदं.” शेवटच्या तबकडीला अण्णाप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. निकमांना वाटलं, गाणं फारच वाईट असणार. त्यांनी दया येऊन उरलेली सगळी थप्पी, वर तबकड्यांचं यंत्रही देऊन टाकलं.

एसटीत कंडक्टरनं खोका अडवला. “काय हाय ह्यात?”

“गाण्याच्या तबकड्या.”

“वाजत्यात?”

“हो तर.”

“मग वाद्य झालं. वाद्याला लगेज.”

नाथाजी नियमांचे माणूस. ते पुढं झाले. “आपोआप वाजत न्हाईत, वाजवाव्या लागत्यात.”

“म्हंजे आता वाजत न्हाईत? मग भंगार झालं. भंगार गाडीत चालत न्हाई.”

बराच वाद झाला. मागचे प्रवासी ओरडायला लागले. अखेर ड्रायव्हरनंच तोड काढली आणि खोका आपल्याशेजारी, इंजिनाच्या झाकणावर ठेवून घेतला. अण्णाप्पांना तो मान वाटला. कराड गेलं, पेठ नाका गेला, आष्टा गेलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आतून इंजिन. अण्णाप्पा पिशवीतले कंदी पेढे खात स्वप्न बघत होते: सिकंदर पहिल्या रांगेत बसलाय, मान खाली घालून.

घरी खोका उघडला तेव्हा त्रिशलाकाकूंनीच आधी पाहिलं. “अगंबाई, हे काय वाळवण आणलंय?” तबकड्यांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वर आल्या होत्या. एकीची तर वाटी झाली होती.

अख्ख्या बिल्डिंगनं उपाय सांगितले. तळमजल्यावरचे म्हणाले, इस्त्री फिरवा. अण्णाप्पांनी एकीवर फिरवली, ती फडक्याला चिकटली ती कायमचीच. दुसऱ्या कुणी सांगितलं, गरम पाण्यात बुडवून वजन ठेवा. वजन म्हणून पाटा, पाट्यावर वरवंटा, आणि रविवारी दुपारी नाथाजी स्वतः पेपर वाचत त्यावर बसले. त्यानंतर त्यातल्या त्यात सपाट झालेली एक तबकडी निवडून अण्णाप्पांनी मैफल ठरवली आणि सिकंदरांना सपत्नीक आमंत्रण दिलं.

तबकडी फिरू लागली. सुई चढ चढली, उतार उतरली. गवयाचा आवाज कोयनेच्या पाण्यात होडीत बसून गात असल्यासारखा लांब गेला, जवळ आला, पुन्हा लांब गेला. श्रोत्यांनी जमिनीकडं बघितलं. सिकंदर मात्र मन लावून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी अण्णाप्पांचा हात हातात घेतला आणि अगदी मनापासून विचारलं, “अण्णा, हे कुठलं घराणं म्हणायचं?”

टोमणा असता तर परतवता आला असता. मनापासून विचारलेल्या प्रश्नाला काय करणार? अण्णाप्पा म्हणाले, “सातारा.”

एवढ्यावर भागलं असतं तरी माणूस सावरला असता. पण त्याच आठवड्यात सिकंदरांची नात मुबश्शिरा हिनं एक उद्योग केला. कॅसेटींच्या तळाशी अण्णाप्पांनी ‘खराब’ असं लिहिलेल्या काही होत्या. रेडिओसमोर टेप ठेवून भरताना घरातले आवाज शिरून बिघडलेल्या. अण्णाप्पांनी त्या नंतर कधी लावल्याच नव्हत्या. मुबश्शिरानं एक लावली. कुणी गवई मोठ्या तब्येतीत आलाप करतोय, सगळं शांत, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी, बरोब्बर समेवर. पाठोपाठ तरुण त्रिशलाकाकूंचा खणखणीत आवाज: “अहो, दूध आणायला तुमी जाताय का मी जाऊ?”

मुबश्शिरानं तेवढाच तुकडा कापून मोबाइलवर टाकला. दोन दिवसांत सांगली-मिरजेत जो तो एकमेकांना विचारायला लागला, “दूध आणायला तुमी जाताय का मी जाऊ?” रिक्षाच्या मागं ते लिहून आलं. एका स्थानिक वाहिनीची माणसं कॅमेरा घेऊन बिरनाळ्यांच्या दारात आली. अण्णाप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला, संग्रहाचा इतिहास मनात जुळवला आणि दार उघडलं.

“दूधवाल्या काकू इथंच राहतात का?” कॅमेरावाल्यानं विचारलं. “काका, जरा बाजूला सरकता? उजेड अडतोय.”

आतापर्यंत अण्णाप्पा सिकंदरांवर जळत होते. त्या दिवसापासून ते बायकोवर जळायला लागले, आणि हे जास्त अवघड होतं, कारण तिच्याच हातचं जेवायचं होतं. भाजीवाली काकूंना कोथिंबीर फुकट देई. जैन मंदिरात बायका त्यांना ‘एकदा म्हणून दाखवा’ म्हणत. धवलनं पुण्याहून फोन केला तो सुद्धा आईला, “आई, माझ्या ऑफिसात सगळे तुला ओळखतात!” अण्णाप्पांनी फोन घेऊन सांगितलं, “ती कॅसेट मी भरलेली आहे.” धवल म्हणाला, “हो का? बाबा, पित्त कसंय?”

त्या संध्याकाळी त्यांचा बांध फुटला.

“चाळीस वर्षं तू माझ्या गाण्यात मोडता घातलास! कुकर लावलास, भांडी आपटलीस, डबा बंद करा म्हणालीस. आणि आता पहिल्या रांगेत बसून डोलतेस? तिथं बरं आवडतं तुला गाणं?”

काकू शेंगा सोलत होत्या. हात थांबला नाही.

“गाणं मला तवाही आवडायचं.”

“मग?”

“तुमी ऐकू दिलंत कवा? गाणं सुरू झालं की बटण दाबून थांबवायचं. ‘आता ही जागा ऐक.’ परत मागं न्यायचं. ‘कळली का? न्हाई कळली. परत ऐक.’ एक गाणं अख्खं ऐकल्याचं मला आठवत न्हाई ह्या घरात. वर परीक्षा. सिकंदरभाऊजींना काय कळत न्हाई. ते बटण दाबतात आणि गप बसतात. म्हणून जाते.”

खाली पडलेला शेंगेचा एक दाणा उचलून अण्णाप्पांनी ताटलीत ठेवला.

“तबकडी वाकडी झाली तेव्हा तू हसलीस,” ते म्हणाले.

“हसले. नाथाजी वर बसले होते, हसू न्हाई तर काय करू?”

पुढच्या गुरुवारी काकूंनी पदर सावरत विचारलं, “येताय का? पण एक सांगते, तिथं तोंड उघडायचं न्हाई.” अण्णाप्पा निघाले. नाथाजीही निघाले, न बोलावता.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सिकंदरांनी उठून अण्णाप्पांना टेपरेकॉर्डरशेजारची खुर्ची दिली. पोरांची एकच फर्माईश होती, शिट्टीवाली कॅसेट, आणि ती सुद्धा अख्खी. सिकंदरांनी बटण दाबलं. निवेदिकेचा आवाज, तंबोरे, आलाप. पुढं येणारी हरकत अण्णाप्पांना पाठ होती, तिच्याबद्दल सांगण्यासारखं जिभेवर येऊन उभंही राहिलं होतं. त्यांनी जीभ दाताखाली धरली. शिट्टी झाली. पोरं खूश झाली. “अहो, दूध आणायला तुमी जाताय का मी जाऊ?” टाळ्या.

मोबाइलवर तुकडा इथं संपायचा. कॅसेट संपली नव्हती.

“गप्प बस!” टेपमधून एक माणूस केवढ्यांदा तरी ओरडला. “अक्कल आहे का? रेकॉर्डिंग चालू आहे!”

टेपमधला गवई बिचारा गातच होता. टेपमध्ये कुठंतरी एक दार हळूच लोटल्याचा आवाज आला. अण्णाप्पांना आपल्या कानशिलाखाली कोणी निखारा धरल्यासारखं झालं. त्यांना वर बघवेना. सिकंदरांनी बटणाकडं हात नेला, पण काकू म्हणाल्या, “चालू द्या भाऊजी. पुढचं चांगलं हाय.” आणि सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. अण्णाप्पांनीही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक बाजू मध्ये न थांबवता, कुणाला काही न समजावता ऐकली. आणि गंमत म्हणजे गाणं चांगलं होतं.

बाजू संपली. मागच्या रांगेतला एक धनगरी फेट्याचा माणूस वाट काढत पुढं आला. तो थेट जतहून आला होता. त्याच्या मोबाइलवर हा तुकडा लेकीनं लावून दिला होता. त्यानं काकूंना वाकून नमस्कार केला आणि शेजारी बसलेल्या अण्णाप्पांना विचारलं, “बाई बगितली, लय बरं वाटलं बगा. पर ते वरडलेला बाबा कोण वो? हाय का गेला?”

नाथाजींनी घसा खाकरला. सिकंदर गडबडीनं काही बोलणार, तेवढ्यात अण्णाप्पाच म्हणाले,

“हाय अजून. मीच तो.”

माणसानं डोळे विस्फारले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निव्वळ आनंद होता. “तुमीच व्हय! मग साहेब, एकदा तसंच वरडून दावा की! पोरीला दावतो!”

पोरांनी गलका केला. मुबश्शिरानं मोबाइल समोर धरला. इतक्या महिन्यांनी कॅमेऱ्याचं तोंड अण्णाप्पांकडं होतं, सिकंदर बाजूला, त्रिशला बाजूला. कुणीतरी शेवटी त्यांना ओळखलं होतं. त्यांनी सदरा नीट केला. छाती भरून श्वास घेतला. काकूंकडं पाहिलं.

“वरडा की,” काकू म्हणाल्या. “मला काय होत न्हाई आता.”

अण्णाप्पांनी तोंड उघडलं, पण ओरडणं काही येईना. श्वास तसाच बाहेर गेला. ते काकूंकडं थोडे वाकले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, “जाताना दूध घ्यायचंय का गं?”

“आजोबा, गप्प!” मुबश्शिरा ओरडली. “रेकॉर्डिंग चालू आहे!”